तो रकाना कोराच ठेवायचा होता

तुझा तक्ता काल रात्री वाचला, पहाटे उठून पुन्हा वाचला. लाल पेन हातात होतं, पण खूण कुठं करावी ते कळेना. चुकलेल्या बेरजेखाली रेघ ओढता येते. तुझ्या बेरजा बिनचूक आहेत. बेरजेत घातलेले आकडेच तू घरी बसून तयार केलेस, त्यावर कुठली खूण करू? म्हणून पेन ठेवलं आणि हे लिहायला घेतलं. बसून वाच. मध्ये उठू नकोस.

1951-52 ते 2000-01, अशी पन्नास वर्षं. करडी भागातल्या माजी मालगुजारी तलावांच्या दुरुस्तीवर सरकारनं केलेला खर्च. हा विषय घेऊन तू ओसरीवर आलास तेव्हा मला किती बरं वाटलं होतं, ते बोललो नाही, आज लिहितो. आपल्याकडं ‘मामा तलाव’ म्हणून सगळे भाषण करतात, पण त्या तलावाच्या पाळीवर कुठल्या साली किती टोपल्या माती पडली आणि तिचे पैसे कुणी दिले, हे विचारायला कुणी जात नाही. तू गेलास. मोहाडीला खेटे घातलेस, भंडाऱ्याला दोन दिवस धुळीत बसलास. म्हणूनच आज इतका राग आला आहे. ज्यानं काहीच केलं नाही त्याच्यावर मी शाई वाया घालवत नाही.

पन्नासपैकी एकोणीस वर्षांचे कागद मिळाले नाहीत, हे तूच मला सांगितलंस. तक्त्यात मात्र एकही रकाना कोरा नाही. फोनवर विचारलं तर म्हणालास, “गुरुजी, मागच्या आणि पुढच्या वर्षाची सरासरी घेतली. सगळे असंच करतात.” कोण सगळे? आणि सगळे करतात म्हणून तूही केलंस, तर मग तुला इतकी वर्षं फळ्यासमोर उभं करून मी शिकवलं तरी काय?

एकच रकाना घेतो. 1964-65. तू लिहिलंस 1,300 रुपये. अलीकडचं वर्ष 1,240, पलीकडचं 1,360, म्हणून मधलं 1,300. मी त्या साली चौथीत होतो. त्या पावसाळ्यात ज्या तलावाची पाळ सलंगाच्या, म्हणजे जादा पाणी निघून जायच्या, बाजूनं फुटली, तो तुझ्या तक्त्यातलाच तलाव आहे. रोवणी झालेल्या बांध्या गाळाखाली गेल्या. दिवाळीनंतर गावानं घरटी एक माणूस काढून खिंडार बुजवलं. माझी आई टोपली घेऊन गेली होती आणि मी तिच्यामागं पाण्याचा गुंड घेऊन. मजुरी कुणी दिली नाही, हजेरी कुणी घेतली नाही. आणि त्याच वर्षी सरकारनं तेराशे रुपये खर्च केले, असं तू साठ वर्षांनी सही करून लिहून देतोस!

आता माझी आठवण म्हणजे पुरावा आहे का? नाही. मी लहान होतो, साल एखाद्या वर्षानं इकडंतिकडं झालं असेल, दुसऱ्या कुठल्या तलावावर खरंच खर्च झालाही असेल. म्हणून मी तुला तिथं शून्य लिही म्हणत नाही. रकाना कोरा ठेव आणि शेजारी लिही: कागद सापडला नाही, गावातल्या वृद्धाच्या आठवणीप्रमाणं या सुमारास गावानं बिनमजुरीनं दुरुस्ती केली. तेवढंच आपल्याला माहीत आहे. तेवढंच सांगायचा आपल्याला हक्क आहे.

हा तक्ता तू कशासाठी करत होतास ते आठव. तलावांकडं दुर्लक्ष झालं, हे ग्रामसभेत कागदानिशी दाखवायचं होतं ना? मग बघ तू काय केलंस. ज्या एकोणीस वर्षांबद्दल सरकारकडं दाखवायला एक चिठोरा नाही, त्या प्रत्येक वर्षाला तू खर्चाचा आकडा बहाल केलास. दुर्लक्ष झालं असेल तर ते नेमकं त्याच वर्षांत झालं असणार, आणि तीच तू सारवून गुळगुळीत केलीस. उद्या कुणी अधिकारी हाच तक्ता उचलून म्हणेल, बघा, जवळजवळ दरवर्षी खर्च होतच होता. काय उत्तर देशील? ज्या धानवाल्यांसाठी उभा राहिलास, त्यांच्याच विरुद्ध साक्ष लिहून बसलास, आणि वर ती नीटनेटक्या चौकटीत छापून आणलीस.

आणखी एक. काही ठिकाणी तू सरासरी घातलीस आणि काही ठिकाणी सरळ 0. का? तर म्हणे त्या नोंदवहीत तिथं काहीच लिहिलेलं नव्हतं. अरे, कार्यालयात ‘निरंक’ हा शब्द कशासाठी आहे? निरंक लिहिणाऱ्या कारकुनानं रकाना पाहिलेला असतो, काही नाही याची खात्री केलेली असते, आणि तसं लिहून त्याची जबाबदारी घेतलेली असते. तिथं 0 लिही, हरकत नाही. नुसती आडवी रेघ असेल तर ती वही कोणत्या पद्धतीनं भरली आहे ते आधी मागची पानं चाळून बघ. आणि काहीच लिहिलेलं नसेल तर त्याचा अर्थ एवढाच, की आपल्याला माहीत नाही. निरंक, रेघ आणि कोरं. तीन वेगळ्या गोष्टी तू एकाच शून्यात बुडवल्यास. वर्गातल्या हजेरीत गैरहजर मुलाला मी कधी नापास लिहिलं होतं का?

आता 1956-57 कडं ये. हा आकडा तुझ्याकडं कागदानिशी आहे, म्हणून तू निर्धास्त आहेस. तो आजूबाजूच्या वर्षांच्या निम्म्याहून कमी आहे, हे तुझ्या डोळ्याला खुपलं नाही? तो कागद मुंबई राज्याचा आहे. 1 नोव्हेंबर 1956 ला विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले. त्याआधी भंडारा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. म्हणजे तुझा आकडा नोव्हेंबर ते मार्च, पाच महिन्यांचा. एप्रिल ते ऑक्टोबर हे सात महिने दुसऱ्या राज्याच्या हिशेबात आहेत. आणि ते सात महिने कुठले? तलावाचं पाणी कधी आटतं? पाळीवर माती कधी पडते, पाणी सोडायचं तुडुम कधी उघडं पडतं? एप्रिल, मे, अर्धा जून. कामाचा मुख्य हंगाम त्या न सापडलेल्या कागदांत राहिला आणि तुझ्या हाती बहुतेक रिकामा हिवाळा आला. त्याला तू पूर्ण वर्ष म्हणालास. एवढ्यावर थांबला असतास तरी एक चूक झाली असती. पुढच्या 1957-58 चा कागद नव्हता, तर त्या अर्धवट आकड्याची आणि 1958-59 ची सरासरी काढून तोही रकाना भरलास. एका सडक्या बियाण्यातून दुसरं पीक घेतलंस.

हा धडा फक्त एका वर्षाचा नाही. आर्थिक वर्ष 31 मार्चला तुटतं आणि तलावाचा हंगाम तर तेव्हा भर रंगात असतो. फेब्रुवारीत सुरू झालेलं काम जूनमध्ये संपतं, मोजमाप होऊन बिल निघेपर्यंत आणखी महिने जातात. एकाच पाळीचा खर्च दोन वर्षांत फाटून नोंदला जातो. अशा आकड्यांची मागची-पुढची सरासरी काढणं म्हणजे अर्ध्या धोतराला दुसऱ्याचं अर्धं धोतर जोडणं.

आणे-पैच्या बाबतीत तर मान खाली घालायची वेळ आणलीस. तू 1953-54 च्या एका प्रमाणकाचा फोटो जोडला आहेस, रक्कम स्पष्ट दिसते: 347–6–9. तक्त्यात तू लिहिलंस 347.69. हे तीनशे सत्तेचाळीस रुपये, सहा आणे, नऊ पै आहेत. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. सहा आणे नऊ पै म्हणजे पावणेसात आणे, त्याला सोळानं भाग, बेचाळीस पैसे येतात. रक्कम 347.42. दशमान नाणी आली ती 1 एप्रिल 1957 ला. त्याआधीच्या प्रत्येक प्रमाणकात तू हेच केलं आहेस. चौदा आणे तू .14 लिहितोस, ते .875 आहेत. फरक पैशांचा आहे म्हणून खांदे उडवू नकोस. ज्याला कागदावरचं नाणं कळलं नाही, त्याला कागद कळला यावर कोण विश्वास ठेवील? तू आणा पाहिला नाहीस यात तुझा दोष नाही. गावात आणे मोजलेली माणसं अजून हयात असताना एकालाही विचारलं नाहीस, हा दोष तुझाच.

1962 नंतरच्या भागात उलटा प्रकार. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, लहान तलावांची कामं त्यांच्याकडून होऊ लागली. राज्य सरकारनं परिषदेला अनुदान दिलं की राज्याच्या हिशेबात तो खर्च दिसतो. परिषदेनं तेच पैसे तलावावर लावले की तिच्या हिशेबात तो पुन्हा खर्च दिसतो. तू दोन्ही रकमा घेऊन बेरीज मारलीस. एकच रुपया दोनदा खर्च झाला. आणि तीन-चार वर्षं तर तू प्रशासकीय मान्यतेची रक्कमच खर्च म्हणून उचलली आहेस. मान्यता म्हणजे काम करायला दिलेली परवानगी. मग निविदा, मग काम, मग मोजमाप पुस्तिकेत नोंद, मग बिल, मग कोषागारातून पैसे. प्रत्येक पायरीवर रक्कम बदलते, आणि कितीतरी कामं पहिल्या पायरीवरच मरतात.

1972 चा दुष्काळ तुझ्या तक्त्यात दिसतच नाही. त्या साली राज्यभर लाखो माणसं माती उपसत होती, आणि तुझा आकडा शांतपणे मागच्या वर्षाइतकाच! कारण तू फक्त तलाव दुरुस्तीचं लेखाशीर्ष पाहिलंस. दुष्काळी कामांचा पैसा टंचाईच्या शीर्षाखाली जातो, पुढं रोजगार हमीचा तिच्या स्वतःच्या. पाळ तीच, माती तीच, वही वेगळी. शिवाय 1 एप्रिल 1974 ला देशभर लेखाशीर्षांची मांडणीच बदलली आणि 1 एप्रिल 1987 पासून पुन्हा नवे चार आकडी क्रमांक आले. आज 2702 म्हणजे लघु पाटबंधारे, पण हा क्रमांक घेऊन 1970 च्या वहीत शोधशील तर हात हलवत परत येशील. आणि 1999-2000 ला खर्च ‘अचानक घसरला’ असा निष्कर्ष तू जाड अक्षरात लिहिला आहेस. 1 मे 1999 ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, हे शेंबडं पोरही सांगेल. तू त्याआधीच्या काही वर्षांसाठी अख्ख्या जिल्ह्याचा आकडा घेतलास आणि नंतर अर्ध्या जिल्ह्याचा. घसरला तो जिल्ह्याचा नकाशा.

प्रस्तावनेत एक वाक्य आहे, ते आधी खोड: “1951 पूर्वी या तलावांवर खर्च होत नव्हता.” मग हे तलाव काय आभाळातून पडले? 31 मार्च 1951 ला मालगुजारी संपली, तलाव सरकारकडं आले. त्याआधी मालगुजार होते, कोहळी होते, ज्यांनी जमिनीचा उतार नुसत्या नजरेनं ओळखून पाळी घातल्या. तुडुमाचा दगड कुठं बसवायचा हे त्यांना कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवलं नव्हतं. गावची मेहनत होती, धानात दिलेली मजुरी होती. हा खर्च सरकारी कोषागारात नोंदला गेला नाही, कारण तो सरकारनं केलाच नाही. तुझ्या वहीत नाही म्हणून जगात नव्हता, असं लिहिणारा माणूस पुढं किती जणांचे हक्क बुडवील, याची मला धास्ती वाटते. वाजिब-उल-अर्ज आणि निस्तारपत्रक आधी वाच. पाणी कुणाचं, कुणी पाळ राखायची, हे तिथं लिहिलेलं असतं.

तुला वाटत असेल, म्हातारा एका गावच्या तलावावरून केवढं बोलतो. बापू, विदर्भाचं सगळं भांडण याच आकड्यांवर उभं आहे. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा देण्याचं आणि दरवर्षी त्याचा अहवाल विधानसभेपुढं ठेवण्याचं वचन होतं. वचन पाळलं की मोडलं, हे भाषणानं ठरत नाही, वहीनं ठरतं. 1983 मध्ये वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, 1984 मध्ये तिचा अहवाल आला, राज्याचा अनुशेष निघाला 3,186 कोटी 78 लाख रुपये. त्या समितीनं काय केलं ते नीट बघ. कुठल्या जिल्ह्यात सिंचन किती, रस्ते किती, शाळा-दवाखाने किती, ते राज्याच्या सरासरीशी ताडलं, आणि ती तूट भरायला किती पैसे लागतील ते काढलं. जुन्या खर्चाची बेरीज मांडत बसली नाही, जमिनीवर उभं काय आहे ते मोजलं. पुढं त्या पद्धतीवरही वाद झाले, व्हायलाच हवेत. पण वाद घालता आला, कारण आकडा कसा काढला ते अहवालात उघडं लिहिलं होतं. तुझ्या तक्त्याशी वाद घालायचा तर कुणी कशाशी घालावा?

मग हे काम करायचं कसं? करता येतं, आणि तुला येईल.

अंदाजपत्रकापासून सुरू कर. प्रत्येक अंदाजपत्रकात येत्या वर्षाचा अंदाज असतो, चालू वर्षाचा सुधारित अंदाज असतो आणि त्याआधीच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च असतो. म्हणजे 1968-69 ची वही वाळवीनं खाल्ली असली तरी त्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च 1970-71 च्या पुस्तकात छापलेला सापडेल. तू नेमकी त्या-त्या वर्षाचीच पुस्तकं चाळलीस आणि अंदाज उचलून आणलेस. कागद न मिळालेल्या तुझ्या एकोणीस वर्षांपैकी निदान काहींसाठी तरी शीर्षाची एकूण रक्कम अशी मिळेल. ती जिल्ह्याची असेल, करडीची नसेल. तिचे तुकडे करून गावांना वाटू नकोस. ‘या रकमेच्या आत’ एवढंच लिही.

मग स्थानिक निधी लेखापरीक्षेचे अहवाल. त्यात आक्षेप असतात, आणि आक्षेपात कामाचं नाव, रक्कम, प्रमाणक क्रमांक येतो. मूळ बिल नष्ट झालं तरी त्याच्यावरची तक्रार शिल्लक राहते. पंचायती राज समितीचे अहवाल बघ. राजपत्रात छापलेले परिषदेचे वार्षिक लेखे बघ. नागपूरच्या पुराभिलेखागारात 1956 पूर्वीचं काय आहे ते तिथं बसून बघ, फोनवर विचारू नकोस. आवक-जावक नोंदवही कधीच विसरू नकोस. सरकारी कागद एका ठिकाणी राहत नाही, तो निघतो तिथं त्याची प्रत आणि पोहोचतो तिथं त्याची नोंद. 21 जून 2012 ला मंत्रालय जळालं तेव्हा फायली पुन्हा उभ्या करायला खालच्या कार्यालयांतल्या प्रतीही कामाला आल्या. तुला एका कपाटात मिळालं नाही म्हणून तू कागद ‘नाही’ ठरवलास. अभिलेखाचे वर्ग असतात, ‘अ’ कायमचा, ‘ब’ तीस वर्षांचा, ‘ड’ एका वर्षाचा. आधी विचार, हा कागद कोणत्या वर्गात होता, नियमानं नष्ट केला असेल तर नष्ट केल्याची यादी कुठं आहे. ती यादीसुद्धा पुरावा आहे. माहितीच्या अधिकारात ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर तेही तक्त्याला जोड.

आणि पाळीवर जा. मोजमाप पुस्तिका मिळाली तर लांबी, रुंदी, उंची घेऊन टेप धर. समज, दोनशे फूट लांब, दहा फूट रुंद, तीन फूट उंच माती दाखवली आहे. सहा हजार घनफूट झाली, साठ ब्रास. त्या सालचा मातीकामाचा दर मिळाला तर रक्कम ताडता येते. पैसे जास्त आणि माती कमी निघाली, तर तोही शोधच आहे.

इतकं करूनही जिथं अंदाजच करावा लागेल, तिथं कर. मी अंदाजाच्या विरुद्ध नाही. जुन्या काळाचा हिशेब अंदाजाशिवाय उभा राहत नाही. पण अंदाज पेन्सिलीनं लिही. एक आकडा देऊ नकोस, दोन दे: हाती असलेल्या प्रमाणकांवरून कमीत कमी इतका, मान्यतेच्या रकमेवरून जास्तीत जास्त इतका. शेजारच्या रकान्यात लिही, हे कशावरून काढलं. त्याच्या शेजारी लिही, तुझा स्वतःचा त्यावर किती भरवसा आहे. कागदावरचा आकडा काळ्या शाईत, आडमार्गानं मिळालेला निळ्या, अंदाज पेन्सिलीत, आणि कुणाच्या आठवणीतलं असेल तर ते आकड्यात घालूच नकोस, टिपेत लिही. एकूण बेरीजही तीन वेगळ्या कर. काळ्या शाईची बेरीज लहान येईल. येऊ दे. तिच्यावर कुणी बोट ठेवू शकणार नाही.

शनिवारी सकाळी ये. प्रमाणकांचे सगळे फोटो, मूळ टिपणवही आणि त्या एकोणीस वर्षांची यादी घेऊन ये. छापील तक्ता घरी ठेव, तो मला पुन्हा बघायचा नाही. कोऱ्या कागदावर पन्नास ओळी आखून ठेवीन. आणे-पै तू माझ्यासमोर फिरवशील, एकेक, हातानं. 1956-57 समोर आपण ‘पाच महिने’ असं लिहू. आणि 1964-65 पाशी आलो की तू पेन खाली ठेवशील, मी माझ्या थोरल्या बहिणीला बोलावीन. ती त्या वेळी चौदा वर्षांची होती, मातीला तीही गेली होती. तिला नीट विचार, साल कोणतं, किती दिवस, किती घरं. ती सांगेल ते टिपेत उतरव आणि खाली तिचा अंगठा घे.